नऊपट दुर्बिणीचा मोह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगावात माझं चष्म्याचं दुकान आहे, तीस वर्षं होत आली. माझ्याकडे पॉइंट २२ (०.२२ इंची नळीच्या) रायफलचा परवाना आहे आणि रविवारी मी रेंजवर जातो, हे ओळखीपाळखीत ठाऊक आहे. त्यामुळं अलीकडे लोक चष्म्याबरोबर बंदुकीची दुर्बीणही पिशवीतून काढून काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "बघा की, चांगली निघाली का?" बहुतेक वेळा निघालेली नसते. म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात खानापूरकडचे एक गृहस्थ आले. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून त्यांच्या पोरानं एअर रायफलचा ध्यास घेतलाय. बापानं हौसेनं ३-९×४० ची, म्हणजे तीन ते नऊपट मोठं दाखवणारी, पुढं ४० मिलिमीटरचं भिंग असलेली दुर्बीण आणली. मला सांगायला जिवावर आलं, पण सांगितलं : ऑलिंपिक पद्धतीच्या १० मीटर आणि ५० मीटर रायफल स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही. तिथं बारीक भोकाची पीप साइट लागते. स्वप्नीलनंही दुर्बिणीविनाच नेम धरला. ते पैसे छर्ऱ्यांवर आणि शूटिंग जॅकेटवर गेले असते तर पोराचा फायदा झाला असता.

दुर्बिणीची खरी गरज आहे ती माझ्यासारख्यांना. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठ होत जातं. रायफलवरची मागची खाच, नळीच्या टोकाची माशी (नेमाची खूण) आणि लांबचं टार्गेट या तिन्हींवर डोळ्याला आळीपाळीनं यावं लागतं, ते जमेनासं होतं. माशी स्पष्ट दिसली तर टार्गेट पुसट, टार्गेट धरावं तर माशीचा धूर. दुर्बिणीत फुली आणि टार्गेट एकाच ठिकाणी दिसतात. सुख आहे ते एवढंच, आणि त्याला चारपट पुरते.

पण दुकानात नऊपटच खपते. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असा आपला हिशेब. आता ४० मिलिमीटरच्या भिंगाला नऊनं भागा. डोळ्यापर्यंत जेमतेम साडेचार मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका पोचतो. मान जराशी हलली की कडेनं काळं येतं. उलट ४×३२ मध्ये तोच ठिपका आठ मिलिमीटरचा, गाल दस्त्यावर थोडा इकडंतिकडं झाला तरी चित्र जात नाही. शिवाय नऊपटीत हाताचा कंपही नऊपट दिसतो, आणि माणूस घाबरून चाप झटकतो.

त्याहून मोठी गोम पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की फुली सरकल्यासारखी दिसण्याची. ठराविक एका अंतरावरच ती सरकत नाही. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी साधारण शंभर यार्डाला जुळवून येतात, पॉइंट २२ च्या पन्नास यार्डाला. एअर रायफलला तर पुढची कडी फिरवून दहा यार्डापर्यंत खाली आणता येणारी हवी. खोटं वाटत असेल तर रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, हात लावू नका आणि फक्त डोळा डावीकडे-उजवीकडे न्या. अंतर जुळत नसेल तर फुली टार्गेटवर मुंगीसारखी फिरताना दिसेल. रायफल जागेवर, फुली चालली फिरायला! एअर रायफलच्या १० मीटर टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे लक्षात घ्या.

मीही यात फसलो आहे. भाच्याच्या स्प्रिंगच्या एअर रायफलला एका दुकानातून "कुठल्याही बंदुकीला चालते" म्हणून दुर्बीण आणली. चारशे-पाचशे छर्ऱ्यांत आतली फुली तिरकी झाली. स्प्रिंगची बंदूक आधी मागं ढकलते, मग पिस्टन आदळला की पुढं झटका देते. साध्या दुर्बिणीला हा पुढचा झटका सोसत नाही. दुकानदारानं हात वर केले. तिथं पॉइंट २२ चं बरं, तिचा धक्का नावापुरता. तिच्यासाठी साधी चारपट घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या रिंगांवर, म्हणजे दुर्बीण रायफलला धरून ठेवणाऱ्या कड्यांवर, घालावेत. या रिंगा जिच्यावर बसतात ती रायफलवरची पट्टी ११ मिलिमीटरची, डव्हटेल जातीची आहे की रुंद, वीव्हर जातीची, ते आधी मोजून घ्या. माझ्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी भिंगाच्या नव्हत्याच, ढिल्या स्क्रूच्या होत्या.

भिंग पारखायचं तर संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी. दुर्बीण घेऊन दुकानाच्या दारात यावं आणि समोरची पाटी वाचावी. वर साठ टक्के कन्नड ठळक असतं, ते कशातूनही वाचता येतं. खाली उरलेल्या जागेत कोंबलेलं मराठी कडेपर्यंत स्वच्छ दिसलं, तर माल ठीक.

एक गैरसमज झीरो करण्याचा, म्हणजे फुली जिथं तिथंच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवण्याचा. फुली हलवायच्या फिरकीच्या टोपीवर एका टिकेला (खटक्याला) पाव इंच लिहिलेला असतो, तो शंभर यार्डाचा. पंचवीस यार्डावर गोळी इंचभर हलवायला सोळा टिका फिरवाव्या लागतात. लोक चार फिरवतात आणि दुर्बिणीला शिव्या देतात. काडतुसं मोजून मिळतात आपल्याला. तेव्हा आधी बोल्ट काढून नळीतून टार्गेट बघावं, फुली त्याच्यावर आणावी, मगच काडतूस भरावं.

शेतात डुक्कर येतंय म्हणून विचारणाऱ्यांना मात्र मी १९७२ चा वन्यजीव कायदा सांगून चहा पाजून परत पाठवतो.

आपल्या दैनिकात जाहिरात देणाऱ्या दुकानदारांना एकच विनंती. "९X पॉवरफुल" छापता, त्याच्या शेजारी पॅरॅलॅक्स किती यार्डाला आहे तेही छापा. एका ओळीचं काम आहे.

जाता जाता परवानाधारकांसाठी. निवडणूक आली की रायफल ठाण्यात जमा होते. दुर्बीण मी काढून घरी ठेवतो आणि रिंगा पट्टीवर जिथं बसतात तिथं बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. परत आल्यावर ठिपक्याला ठिपका लावायचा. तरी झीरो थोडा सरकतोच, पण वीसऐवजी पाच-सहा काडतुसांत भागतं. नेलपॉलिश कुठं जाते याचा घरी अजून पत्ता नाही, तेव्हा नाव छापू नये.

आपला,
एक चष्मेवाला, बेळगाव