वादळानंतर ग्रामपंचायतींना आगाऊ रक्कम द्या

३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर घरे-बागांबरोबर पथदिवे, शाळांची छपरेही मोडली. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. पण तो मुख्यतः तातडीच्या मदतीसाठी व दुरुस्तीसाठी असतो. ग्रामपंचायतीला तर लगेच जेसीबी लावून रस्ते मोकळे करावे लागतात. झाडे उचलण्याआधीची छायाचित्रे, यंत्राच्या तासांची नोंद, मोजमाप पुस्तक नसले की देयक लेखापरीक्षणात अडकते. त्यात घरपट्टीची वसुलीही थांबलेली असते. म्हणून जेसीबी, करवती, जनरेटरचे दरकरार मे महिन्यातच मंजूर करावेत. वादळानंतर आठवड्याभरात दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाची निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, उरलेली मोजमापानंतर. नळयोजनेच्या पंपाला जनरेटरच नसेल, तर वीज येईपर्यंत गावाने प्यायचे काय?

— एक वाचक, अलिबाग