उजेड कुठून येतोय?

दांडिया बाजार, बडोदे
नारळी पौर्णिमा

प्रिय मृणू,

परवा फोनवर तू विचारलंस, "वर्षभर फ्लॉरेन्सला कलेचा इतिहास शिकायला राहिलीस, नक्की काय शिकलीस?" आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. तुला तिथे जायचा अर्ज भरायचा आहे, काकांना पटवायचं आहे, आणि माझ्याकडून तुला खरं उत्तर हवं होतं. म्हणून आज नारळीभात झाल्यावर वरच्या खोलीत येऊन बसलेय. बाहेर पावसाची झड लागलीये, आणि आई दोनदा "दिवा लाव" म्हणून सांगून गेलीये.

फ्लॉरेन्समधल्या पहिल्या परीक्षेचं मी तुला कधी सांगितलंच नाही. तिथे बहुतेक परीक्षा तोंडी असतात. टेबलापाशी प्राध्यापकांच्या समोर बसायचं, आणि मागे बाकीची मुलं ऐकत असतात. गुण ३० पैकी, १८ ला पास. मिळालेले गुण पटले नाहीत तर नाकारून पुन्हा बसता येतं. बाईंनी माझ्यापुढे मासाच्चो या चित्रकाराच्या 'ट्रिब्यूट मनी' या भित्तिचित्राचा फोटो ठेवला. आपल्याला तर हे चित्र तोंडपाठ! ब्रांकाच्ची चॅपेल म्हणजे चर्चमधलं छोटं प्रार्थनादालन, १४२० चं दशक, जोडीला चित्रकार मासोलिनो, मासाच्चो १४२८ मध्ये जेमतेम सव्वीस वर्षांचा असताना गेला, अर्धवट राहिलेल्या भिंती पुढे १४८० च्या दशकात फिलिप्पीनो लिप्पीने पुऱ्या केल्या. मी घडाघडा म्हणून दाखवलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चित्रात उजेड कुठून येतोय?"

"उजवीकडून."

"का?"

मला उत्तर देता येईना. तिथे जाऊन चार महिने झाले होते आणि हे चॅपेल ज्यात आहे, त्या नदीपलीकडच्या चर्चमध्ये मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. बाई २३ देत होत्या. मी नाकारले.

पुढच्याच आठवड्यात चॅपेल गाठलं. आत ठरावीक माणसांना ठरावीक वेळच सोडतात. एवढंसं दालन आहे गं. समोर वेदी, वेदीच्या वर उंच खिडकी, आणि डाव्या भिंतीवर वरच्या ओळीत ते चित्र. म्हणजे चित्राकडे तोंड करून उभं राहिलं की खिडकी आपल्या उजव्या हाताला येते. चित्रातल्या माणसांच्या सावल्या त्या खऱ्या खिडकीच्या उजेडाला धरून पडल्या आहेत! उत्तर तेवढंच होतं. मी ते चित्र दोन वर्षं स्लाइडवर बघत होते, पण स्लाइडला खिडकी नसते.

मग मी गिलावाही बघायला लागले. फ्रेस्को, म्हणजे अशी भित्तिचित्रं, ओल्या चुन्यावर करतात. रंग नुसत्या पाण्यात कालवलेला असतो. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, आणि रंग त्यातच कायमचा बसतो. त्यामुळे संध्याकाळपर्यंत जेवढं रंगवून होईल, तेवढाच गिलावा सकाळी चढवायचा. त्या तुकड्याला ते 'जोर्नाता' म्हणतात, दिवसभराचं काम. तिरक्या उजेडात पाहिलं की नंतरचा तुकडा आधीच्या कडेवर किंचित चढलेला दिसतो, आणि कुठलं डोकं आधी रंगवलं, कुठलं नंतर, ते वाचता येतं. सांता मारिया नोवेल्ला चर्चमध्ये त्याच मासाच्चोची 'ट्रिनिटी' आहे. गवंडी दोरी मारतो ना, तशा गिलावा ओला असताना उमटवलेल्या रेघा त्यात आजही आहेत. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाची दोरी! मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच, मृणू. भिंतीसमोर उभं राहायला शिकले. ती किती उंच आहे, दार कुठे, उजेड कुठला, हात कुठून कुठे गेला, हे आधी बघायचं आणि सनावळी नंतर काढायची. जूनमध्ये त्याच बाईंकडे पुन्हा बसले आणि २९ घेतले.

यात नवल काही नाही. आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतली मोठी चित्रकार माणसं बाहेर जाऊन भिंती बघूनच आली. सुब्रमण्यनसर १९५५–५६ मध्ये लंडनच्या स्लेड या कलाशाळेत होते, गुलाममोहम्मद शेखसर १९६३ ते ६६ तिथल्याच रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये. शेखसरांना सिएनाच्या चित्रकारांची केवढी ओढ, हे आपण ऐकलेलं होतं. म्हणून मीही बस पकडून सिएनाला गेले. तिथल्या चित्रकार लोरेन्झेत्तीने १३३८–३९ मध्ये नगराच्या कारभाऱ्यांच्या दालनात रंगवलेलं ते शहर! घर बांधणारे गवंडी, दुकानातला चांभार, मुलांना शिकवणारा मास्तर, वेशीबाहेर शेतं. मला सणाच्या आदल्या दिवशीची आपली बडोद्याची मांडवी आठवली.

आता कामाचं. टस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, प्रांताची शिष्यवृत्ती घरच्या उत्पन्नावर मिळते. त्यात राहायची सोय आणि विद्यार्थ्यांच्या खानावळीतलं जेवणही बसतं. काकांना हे आधी सांग. उत्पन्नाचे आणि घराचे दाखले इटालियनमध्ये भाषांतर करून, अपॉस्टिल (परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का) करून लागतात. माझ्या भाषांतरकाराने बाबांचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहिलं आणि माझा पहिला हप्ता तीन महिने लांबला, तेव्हा प्रत्येक अक्षर स्वतः ताडून बघ. उतरल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज तिथल्या पोस्टात द्यावा लागतो. इटालियन आजपासून सुरू कर, उद्यापासूनही नाही.

आणि एक गोष्ट मी केली नाही, ती तू कर. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "तुमच्या गावात भित्तिचित्रं आहेत?" मी चित्रकार नंदलाल बोसांचं नाव घेतलं, बडोद्याचं कीर्तिमंदिर सांगितलं. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर, हे तिने विचारल्यावर मात्र मला सांगता आलं नाही. पाच वर्षं आपण त्या रस्त्याने ये-जा केलीये! फार वाईट वाटलं. परत आल्यावर तीन सकाळी तिथे घालवल्या. गंगावतरण, मीरा, नटीर पूजा, अभिमन्यू. १९३९ ते १९४६ मध्ये नंदबाबूंनी केलेल्या चार भिंती. पहिल्या दिवशी सवयीने तोच प्रश्न विचारला, उजेड कुठून येतोय? तो तिथे लागूच पडेना. सावल्यांचा हिशेबच नाही तिथे, सगळं रेषेवर उभं आहे. मग तिथे विचारायचा प्रश्न कोणता? रेषा कुठून निघते आणि डोळ्याला कुठे नेऊन सोडते, इथपर्यंत मी आलेय. वहीत बारा पानं झालीत, पण अभिमन्यूच्या भिंतीशी अडलेय. तिथे मला तू हवी आहेस, तुझा हात रेषेत माझ्यापेक्षा किती तरी पक्का आहे.

इंदुरात आहेस तोवर मामांना चित्रकार बेंद्र्यांबद्दल विचार. ते मूळचे तिथलेच, आणि आपल्या फॅकल्टीत चित्रकला त्यांनीच रुजवली.

गणपतीला येशीलच. भित्तिचित्रांचा तांबेकर वाडा मी मुद्दाम तुझ्यासाठी राखून ठेवलाय. सकाळी लवकर जाऊ. येताना तुझी मोठी वही आण, आणि जमलं तर मामींच्या हातची शेव.

तुझी,
रेवा