सगळ्याच क्रियापदांचा अर्थ 'फेकणे' नव्हे

संपादक महोदय,

'रोज पाच इंग्रजी शब्द' या धर्तीची सदरे, क्लासच्या नोट्स आणि मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या पाहिल्या तर थ्रो, टॉस, चक, बिन, डम्प, डिच, स्क्रॅप या सगळ्यांपुढे 'फेकणे' किंवा 'टाकून देणे' असा एकच अर्थ दिलेला असतो. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यातली कितीतरी मुले-मुली ऐरोली-महापेच्या कार्यालयांत बसून ब्रिटन-अमेरिकेतल्या ग्राहकांशी बोलतात, त्यांना ईमेल लिहितात. त्यांना अशी यादी अडचणीत आणते. यांतली बरीच क्रियापदे बोलीतली आहेत. कोण बोलतो, कोणाशी आणि कशाबद्दल, यावर ती चालतात किंवा खटकतात.

आधी 'थ्रो'. थ्रो म्हणजे नुसते फेकणे. टाकून देणे म्हणजे 'थ्रो अवे' किंवा 'थ्रो आउट'. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये, कारण आपण तो रोज 'देणे' जोडून करतो. 'चेंडू फेकला' म्हटले तर कोणीतरी तो झेलेल, 'चेंडू फेकून दिला' म्हटले तर तो गेला. इंग्रजीत ते काम 'अवे' करते. म्हणूनच 'प्लीज थ्रो द ओल्ड चार्जर' हे वाक्य परदेशी ग्राहकाला अर्धवट वाटते. पुढची चूक क्रमाची असते. नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही बसते: 'थ्रो द चार्जर अवे', 'थ्रो अवे द चार्जर'. सर्वनाम मात्र मध्येच हवे: 'थ्रो इट अवे'. 'थ्रो अवे इट' कधीच होत नाही. चक आउट, पॅक इन, गिव्ह अप या जोड्यांनाही हाच नियम लागू आहे, त्यामुळे तो एकदा पक्का केला की बरेच काम होते. 'थ्रो अप' मात्र वेगळे काढून शिकवावे. त्याचा रोजचा अर्थ ओकणे असा आहे.

'टू' आणि 'ॲट' यांकडे तर बहुतेक नोट्स ढुंकूनही पाहत नाहीत. 'थ्रो द कीज टू हिम' म्हणजे त्याला झेलता येतील अशा किल्ल्या फेकणे. 'थ्रो द कीज ॲट हिम' म्हणजे त्याला लागाव्यात म्हणून फेकून मारणे. एका शब्दयोगी अव्ययाने मदतीचे भांडण होते. दगडफेकीच्या बातमीतला 'पेल्ट' याच्या उलट चालतो. आपल्याकडच्या इंग्रजीत 'पेल्टेड स्टोन्स ॲट द बस' सर्रास लिहितात. ब्रिटिश वळण 'पेल्टेड द बस विथ स्टोन्स' असे आहे. ज्याच्यावर मारा झाला ते आधी, ज्याने झाला ते नंतर.

'चक' हा सर्वांत रंगतदार शब्द. (उच्चार 'चहा'तल्या च-चा, 'चमचा'तल्या नव्हे.) ब्रिटन, ऑस्ट्रेलियात तो घरगुती आहे, फारसा नेम न धरता फेकण्याला म्हणतात. 'चक मी अ टॉवेल' भावाला म्हणता येते, साहेबांना नाही. 'चक आउट' म्हणजे घरातली अडगळ काढून टाकणे, किंवा गोंधळ घालणाऱ्याला दारूच्या गुत्त्याबाहेर काढणे. 'चक इन' म्हणजे नोकरी किंवा शिक्षण मध्येच सोडून देणे. नुसते 'ही चक्ड हर' म्हटले की त्याने तिच्याशी प्रेमसंबंध तोडले. क्रिकेटमधले चकिंग मैदानावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक असते: चेंडू टाकताना कोपर सरळ होऊन फेकी होणे. आयसीसीने त्यासाठी 2005 पासून 15 अंशांची मर्यादा घातली आहे. क्रिकेटच्या इंग्रजीत गोलंदाजासाठी 'बोल' आणि 'थ्रो' ही दोन क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे यातूनच शिकवता येते. आपल्या कॉलेजांतले 'चक इट यार', म्हणजे 'जाऊ दे', बाहेरच्या ग्राहकाला 'फेकून दे' असे ऐकू येईल. त्याच्याशी बोलताना 'नेव्हर माइंड' म्हणावे.

एकाच कृतीला ब्रिटनमध्ये 'बिन', अमेरिकेत 'टॉस' किंवा 'ट्रॅश' म्हणतात. 'बिन द लेटर' अमेरिकी माणसाला कळेल, पण परके वाटेल. 'ट्रॅश' जपून वापरावा: 'दे ट्रॅश्ड द रूम' म्हणजे त्यांनी खोलीची नासधूस केली. 'टॉस'मध्ये हलकेपणा आहे, वस्तू हलकी आणि फेकही सहज. जड खोका कोणी टॉस करत नाही, त्याला 'हीव्ह' लागते. उंच कमान काढून फेकणे ते 'लॉब', आणि जोर लावून भिरकावणे ते 'हर्ल' किंवा 'फ्लिंग'. 'फ्लिंग'चा भूतकाळ 'फ्लंग' होतो, 'फ्लिंग्ड' नाही. शिव्यासुद्धा हर्ल करता येतात, लॉब नाही.

दिवा आणि तुर्भे इथल्या कचऱ्याच्या ढिगांमुळे 'डम्पिंग ग्राउंड' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. इंग्लंडमध्ये त्या जागेला 'टिप' किंवा 'लँडफिल' म्हणतात आणि रस्त्याकडेला चोरून कचरा ओतण्याला 'फ्लाय टिपिंग'. 'डम्प'मध्ये ढीग येतो आणि बेपर्वाईही येते. म्हणून खाडीकिनारी राडारोडा टाकू नये असा फलक लावायचा असेल तर 'डू नॉट डम्प' योग्य, आणि बागेत वेफर्सच्या पिशव्या टाकू नयेत यासाठी 'डू नॉट लिटर'. सोसायट्यांच्या फलकांवर या दोन्हींसाठी 'डू नॉट थ्रो' दिसते. व्यापाराच्या बातम्यांतले डम्पिंग तिसरेच: स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात परदेशी बाजारात माल विकणे. अँटी-डम्पिंग ड्युटी त्याच्यावर लागते.

माणसाला 'डम्प' केले म्हणजे निष्ठुरपणे संबंध तोडले. 'डिच' केले म्हणजे ऐन वेळी वाऱ्यावर सोडले. बेत, योजना, जुना फोन हेही डिच होतात. आणि वैमानिक विमान डिच करतो तेव्हा तो ते नाइलाजाने पाण्यावर उतरवतो. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर झाले ते हेच.

'स्क्रॅप' या गटातला सभ्य सदस्य. योजना, कर, वाहन स्क्रॅप होते, असे सरकारी कागदातही चालते. आपले 'मोडीत काढणे' त्याच्या जवळचे. भूतकाळात 'पी' दोनदा येतो. एकच लिहिला तर 'स्क्रेप' होतो आणि योजना रद्द होण्याऐवजी खरवडली जाते. याचिका फेटाळल्यावर आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांत दिसणारा 'जंक्स' फक्त मथळ्याची जागा वाचवण्यासाठी आहे. अर्जात 'रिजेक्टेड' किंवा 'डिसमिस्ड' लिहावे.

राहिले 'क्विट'. भूतकाळातही तो 'क्विट'च राहतो आणि पुढच्या क्रियापदाला 'इंग' लागते: 'ही क्विट स्मोकिंग'. 'क्विट टू स्मोक' म्हटले तर ओढण्यासाठी सोडले असा अर्थ होईल. 1942 च्या 'क्विट इंडिया'तला अर्थ जुना आहे, जागा सोडून निघून जाणे. आज तो मुख्यतः भाडेकरूच्या नोटिशीत उरला आहे. मुलाखतीत आधीची नोकरी का सोडली असे विचारतात तेव्हा 'लेफ्ट' हा शब्द सर्वांत निर्धोक. 'क्विट'मध्ये तडकाफडकी निघून गेल्याचा वास येतो, 'चक्ड' आणि 'डिच्ड'मध्ये तर उद्धटपणाचा. पत्रात 'रिझाइन'. चाचणी सोपी आहे. मराठीत आपण 'रामराम ठोकला', 'गाशा गुंडाळला', 'कल्टी मारली', 'डच्चू दिला', 'नारळ दिला' हे शब्द कुठे वापरतो आणि कुठे टाळतो, ते आपल्याला बरोबर कळते. राजीनाम्यात 'कल्टी मारत आहे' असे कोणी लिहीत नाही. इंग्रजी शब्दापुढे अशा बोलीतला मराठी शब्द छापला तर अर्थाबरोबर त्याची पायरीही कळेल.

म्हणून विनंती अशी की आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी अशी सदरे छापताना प्रत्येक क्रियापदाबरोबर चार गोष्टी द्याव्यात: देश, तोंडी की लेखी, पुढे कोणते कर्म येते आणि सर्वनाम कुठे बसते. नमुन्यादाखल एक नोंद देत आहोत. जॅक इन: ब्रिटिश, तोंडी, मित्रांत, कर्म नोकरी, शिक्षण किंवा छंद, 'जॅक इट इन', सर्वनाम मध्ये, मराठीत 'रामराम ठोकणे', अर्जात व मुलाखतीत वापरू नये.

कळावे,
इंग्रजीचे काही शिक्षक, ठाणे व नवी मुंबई