आधी शेजारी नेट चालू आहे काय ते विचारा

संपादक महोदय,

वीज खात्यात मी ३१ वर्षे लाईनमन होतो. वीज गेल्याचा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: शेजारी दिवे आहेत काय? असले तर बिघाड त्या घरच्या फ्यूजात नाहीतर सर्व्हिस वायरीत (खांबावरून घरात येणाऱ्या तारेत). नसले तर ट्रान्सफॉर्मर बघायचा.

गेल्या महिन्यात आमचे इंटरनेट पाच दिवस बंद होते. हा प्रश्न कंपनीच्या एकाही माणसाने विचारला नाही. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात त्याच कंपनीचे नेट चालू आहे, हे मी आपणहून तीनदा सांगितले. तरी उत्तर तेच, ‘राउटर बंद करून परत चालू करा, तुमच्या भागात काम सुरू आहे.’

आदल्या रात्री विजा कडाडत होत्या, वीज दोन-तीनदा आली-गेली. सकाळपासून राउटरचे दिवे लागत, मिनिटभराने सगळे एकदम विझत, परत लागत. फायबर, म्हणजे नेट आणणारी काचेची तार, तुटली असती तर राउटरवर तांबडा दिवा दिसला असता. तो नव्हताच. मी मल्टिमीटर काढला. अडॅप्टर १२ व्होल्टचा. मोकळा असताना १२ दाखवी, राउटर जोडला की काटा ९ च्या खाली. अडॅप्टर गेला होता, एवढेच. बाजारातून दुसरा आणला असता, पण राउटरची पेटी कंपनीची. आपण हात लावला आणि काही झाले तर भुर्दंड आपल्यालाच.

सून पुण्याच्या ऑफिसचे काम घरून करते. चार दिवस ती रोज बसने फोंड्याला भावाकडे जाऊन काम करून आली. आणि दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर मेसेज: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ दारात कोणी फिरकलेही नव्हते! याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

पाचव्या दिवशी आलेला तंत्रज्ञ मुलगा भला होता. त्याने सांगितले, की या पेटीची वीज जाते तेव्हा बंद पडता पडता ती कंपनीकडे शेवटचा सिग्नल पाठवते. फायबर तुटली तर तो जात नाही. म्हणजे दोष तारेत की घरातल्या पेटीत, हे ऑफिसात बसून कळते. मग पाच दिवस आम्हाला कशाला ताटकळत ठेवले? त्याच्या पिशवीत अडॅप्टरही नव्हता. म्हापशाहून मागवावा लागला.

डिचोली, साखळी, वाळपईच्या तंत्रज्ञांकडे पाच-दहा अडॅप्टर आणि दोन राउटर कायम ठेवायला कंपन्यांना असा काय खर्च येतो? पावसाळ्यात आमच्याकडे वीज अशीच खेळते, हे काही नवीन नाही. फोन घेणाऱ्यांनी आधी कुठला दिवा लागला आहे ते विचारावे, आणि ग्राहक हो म्हणेपर्यंत तक्रार बंद करू नये.

ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांप्रमाणे तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळतो आणि कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. मी अपील केले आहे. इतरांनीही तो क्रमांक मागून घ्यावा आणि कुठला दिवा किती वाजता गेला ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

एक निवृत्त लाईनमन,
साखळी