कर्नलमधली वीक फंक्शन्स आता आवरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तंत्रज्ञानाच्या पानावर लिनक्सबद्दल येतं ते बहुतेक डेस्कटॉप आणि ॲप्सपुरतंच असतं, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटात काय चालतं त्यावर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

1991 मध्ये लिनक्स आला तो फक्त इंटेलच्या 386 प्रोसेसरसाठी. आता एक्स86, आर्म64, पॉवरपीसी, एस390, रिस्क-फाईव्ह असे सगळे प्रोसेसर एकाच सोर्स कोडमध्ये नांदतात. कॉमन कोड सगळ्यांना एकच, ज्याचं त्याचं वेगळं काय ते आर्च (आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचा प्रकार) फोल्डरमध्ये. आता कॉमन फंक्शन असताना एखाद्या प्रोसेसरला स्वतःचं वापरायचं असेल तर ते सांगायचं कसं, इथे घोडं अडतं.

सोपा रस्ता म्हणजे कॉमन फंक्शनला वीक (म्हणजे दुसरं मिळालं तर बाजूला होणारं) म्हणायचं, आर्चने त्याच नावाचं दुसरं लिहिलं की लिंकर, म्हणजे कंपाईल झालेले तुकडे जोडणारं टूल, तेच उचलतो. दिसायला झकास. पण निर्णय लिंकरच्या हातात गेला की कंपायलरला काहीच कळत नाही, तो असं फंक्शन इनलाईन करू शकत नाही, म्हणजे कॉल टाळून त्याचा कोड तिथेच बसवू शकत नाही, डीफॉल्ट रिकामं असलं तरी कॉल होतोच. आणि नावात एक अक्षर चुकलं तर? प्रोसेसरला काम नसताना चालणारं आर्च_सीपीयू_आयडल घ्या. त्याचं वीक डीफॉल्ट काय करतं, तर प्रोसेसरला झोपू न देता पोलिंग, म्हणजे काम आलं का ते सतत बघत राहायला लावतं. म्हणजे तुमच्या आर्चमध्ये स्पेलिंग चुकलं तर बिल्ड होतो, मशीन बूट होतं, सगळं व्यवस्थित, फक्त प्रोसेसर काम नसतानाही गरागरा फिरत बसतो. अलीकडे फंक्शन आधी जाहीर न केल्याची (प्रोटोटाईप नसल्याची) वॉर्निंग येते म्हणा, पण वॉर्निंग वाचतो कोण!

दुसरा किस्सा 2022 चा. बायनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे टूल्सचा संच) 2.36 पासून असेंब्लर न वापरलेले सेक्शन सिम्बॉल, म्हणजे कोडच्या विभागांची नावं, टाकून द्यायला लागला. केएक्सेकच्या (चालू कर्नलमधून थेट दुसरा कर्नल सुरू करायच्या सोयीच्या) फाईलमध्ये एका सेक्शनमध्ये नेमकी वीक फंक्शन्सच उरली होती, फंक्शन ट्रेसिंगसाठी जागांची नोंद करणाऱ्या रेकॉर्डएमकाउंट या टूलला धरायला एकही पक्कं सिम्बॉल सापडेना आणि बिल्ड फुटला. कोडमध्ये कुणी काही बदललं नव्हतं बरं का, बदलला होता टूलचेन, म्हणजे कोड बिल्ड करणाऱ्या टूल्सचा संच. शेवटी तिथलं वीक काढूनच टाकलं.

त्याऐवजी जे केलं तेच सगळीकडे करावं असं माझं स्पष्ट मत आहे. आर्चच्या हेडरमध्ये (इतर फाईल्समध्ये सामील होणाऱ्या फाईलमध्ये) फंक्शन जाहीर करायचं आणि त्याच नावाचा मॅक्रो (कंपाईल होण्याआधी बदलला जाणारा शब्द) त्याच नावावर डिफाईन करायचा, कॉमन कोडमध्ये ते नाव डिफाईन नसेल तरच आपलं डीफॉल्ट. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सही गेली कित्येक वर्षं हेच सांगतोय. स्ट्रिंगच्या फाईलमध्ये मेमकॉपीसाठी (मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनसाठी) हॅव्ह_आर्च वगैरे जोडून वेगळा मॅक्रो आहे तसं वेगळं नाव कशाला, एकच नाव ठेवलं तर ग्रेप मारला (कोडमध्ये ते नाव शोधलं) की आर्चमधलं आणि कॉमनमधलं दोन्ही समोर येतं. डीफॉल्ट हेडरमध्ये स्टॅटिक इनलाईन असेल आणि डिफाईन करायला विसरलात तर तेच फंक्शन दोनदा आलं म्हणून कंपायलर तिथल्या तिथे ओरडतो. मॅक्रो आणि फंक्शन दोन्हीकडे तीच स्पेलिंगची चूक केली तर मात्र देवही वाचवणार नाही. हेडर जरा जास्त वाचावी लागतात, हेही कबूल.

बूटच्या वेळी एकदाच चालणारी जुनी वीक फंक्शन्स राहू देत, त्यांना हात लावून कुणाचं भलं होणार नाही. पण नवीन आर्च आणणारे लोक जुन्या आर्चचा कोड बघूनच लिहितात, तेव्हा निदान वारंवार लागणाऱ्या फंक्शन्सना कुणी नव्याने वीक लावलं तर पॅच (कोडमधले बदल) तपासणाऱ्यांनी ते तिथेच परत पाठवावं.

आपला,
एक वाचक