साठ्यात गोळे आहेत, फ्यूज आहेत का?

महोदय,
महासत्तांच्या चढाओढीत भारताचे संरक्षण धोरण कसे बदलते आहे, याची चर्चा आपल्याकडे क्षेपणास्त्रे आणि विमानांभोवतीच फिरते. त्यांचे महत्त्व आहेच. रशियाकडे २०१८ मध्ये पाच एस-४०० हवाई संरक्षण प्रणाली मागवल्या; तीन आल्या आणि युक्रेन युद्धामुळे उरलेल्या दोन रखडल्या. तेजस मार्क-१एसाठी अमेरिकी कंपनीकडे २०२१ मध्ये ९९ इंजिने नोंदवली. पहिले मार्च २०२५ मध्ये हाती पडले. म्हणजे दोन्ही गोटांतून उशीरच. पण खरी कसोटी त्याहून साध्या वस्तूची आहे: १५५ मिमीचा तोफगोळा.

युद्ध थोडक्यात आटोपेल, हे गृहीतक युक्रेनने मोडीत काढले. युरोपीय महासंघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचा शब्द दिला. मुदतीत निम्म्याच्या आसपासच पोहोचले. अमेरिकेने तर गोळ्यात भरायच्या टीएनटी या स्फोटकाचे उत्पादन १९८०च्या दशकातच बंद केले होते. केंटकीत नवा कारखाना उभारण्याचा करार २०२४ मध्ये करावा लागला.

आपला नियम ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतक्या साठ्याचा. ‘कॅग’च्या २०१७च्या अहवालानुसार, सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ पैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणारा नव्हता. त्याहून गंभीर बाब म्हणजे फ्यूज, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग, नसल्याने मोठ्या तोफांचा बराच साठा असूनही वापरण्याजोगा नव्हता. त्यानंतर परिस्थिती सुधारली, पण अडचणीचे मूळ तेच आहे. गोळा एका जागी तयार होत नाही. पोलादी कवच अंबाझरीला, स्फोटकाची भरणी चांद्याला, गोळा तोफेतून बाहेर फेकणारी दारू म्हणजे प्रोपेलंट भंडाऱ्याला, फ्यूज आणखी कुठे. यातला एक दुवा अडला की बाकीचे नुसते गोदामात पडून राहतात.

घाईत उत्पादन वाढवणेही धोक्याचे असते. टीएनटी ८० अंशांच्या आसपास वितळते, मग ते कवचात ओततात. ते फार लवकर थंड झाले तर आकसते आणि आत पोकळी किंवा भेग राहते. तोफ डागताना गोळ्याला गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींहून अधिक झटका बसतो. त्या पोकळीतली हवा दाबली जाऊन तापते आणि गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणून क्ष-किरण तपासणीला फाटा देऊन आकडे वाढवणे म्हणजे तोफेवरच्या जवानांच्या जिवाशी खेळ.

साठवणही तितकीच नाजूक. प्रोपेलंटमधले नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होते. त्याला आवरणारे स्टॅबिलायझर उष्णतेत लवकर संपते, आणि विदर्भातला उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. पुलगावच्या डेपोत मे २०१६ मध्ये लागलेली आग आणि भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेला स्फोट यांत माणसे गेली. कामगारांची सुरक्षा ही संरक्षण सिद्धतेपासून वेगळी काढताच येत नाही.

नायट्रोसेल्युलोज बनते कापसाच्या सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून. युरोपातले कारखाने त्यासाठी चीनवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. गोळीच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागात, लागणाऱ्या अँटिमनीच्या निर्यातीवर चीनने सप्टेंबर २०२४ पासून निर्बंध घातले, तसे लिंटरचेही होऊ शकते. आपल्याकडे कापूस मुबलक आहे; हवी आहे ती ठरावीक प्रतीचे लिंटर नियमित घेणारी खरेदी.

सरकारने दोन गोष्टी कराव्यात. सरकारी निर्माणी आणि खासगी उद्योग दोघांनाही एकेका वर्षाऐवजी किमान पाच ते सात वर्षांच्या ऑर्डर द्याव्यात. हमी नसताना कोणीही कवचे घडवणारी नवी फोर्जिंग प्रेस बसवणार नाही. आणि साठा मोजताना नुसते गोळे न मोजता कवच, प्रोपेलंटचा चार्ज, प्रायमर आणि फ्यूज यांचे जुळलेले पूर्ण संच मोजावेत. तो हिशेब संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी, हवे तर बंद दाराआड, ठेवावा.

— एक वाचक, खडकी, पुणे