एकोणीसचा पाढा आणि बेचाळीस किलोमीटर

ठाणे,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, पण रोज उठून नक्की करतेस काय? धावायचं ते धावायचं, त्याला तयारी कसली?" मी उत्तर द्यायच्या आत तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि विषय तुझ्या जावेवर गेला. आज मला धावण्याला सुट्टी आहे. उपास आहे, सासूबाईंनी घट मांडलाय, त्या पोथी वाचतायत, आणि आरतीपर्यंत मला कुणी हाक मारणार नाही. तेव्हा आता निवांत ऐक.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. यंदा हाफ नाही, फुल. म्हणजे 42.195 किलोमीटर. वरचे ते 195 मीटर कुठून आले माहितीये? 1908 च्या लंडन ऑलिम्पिकला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, तेव्हा जे अंतर भरलं ते पुढे 1921 मध्ये सगळ्या जगासाठी कायम झालं. शेवटचे दोनशे मीटर मी त्या राजघराण्याच्या नावाने बोटं मोडत धावणार आहे.

तयारी साधारण चार महिन्यांची असते, आणि जानेवारीतून चार महिने मागे मोजलेस की तुला माझं दुःख कळेल. सगळे सण नेमके त्यातच! गौरी-गणपती उरकले आणि पुढच्या आठवड्यात आमचं वेळापत्रक सुरू झालं. मग पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, आता हे गुरुवार, आणि शर्यतीच्या तोंडावर संक्रांत. ही वेळापत्रकं बनवणाऱ्याच्या घरी हळदीकुंकू नसणार.

पण खरी अडचण सण नव्हेत. खरी अडचण हळू धावणं ही आहे.

हसू नकोस. आमच्या ग्रुपच्या सरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं की आठवड्यातलं बहुतेक धावणं हळूच झालं पाहिजे. इतकं हळू की शेजारी धावणाऱ्याशी सलग गप्पा मारता याव्यात. आता आठवड्यात मी धावते एकटी, पहाटे साडेपाचला, उपवनच्या तळ्याभोवती. गप्पा कुणाशी मारणार? म्हणून मी पाढे म्हणते. मोठ्याने. एकोणीसचा पाढा दहापर्यंत धाप न लागता झाला तर वेग बरोबर. मधेच श्वास तुटला तर आणखी हळू. तू चौथीत एकोणीस सत्तेला अडकायचीस आणि बाई तुला बाकावर उभं करायच्या, आठवतं? मीसुद्धा तिथेच अडकते, पण माझं कारण वेगळं आहे, त्या ठिकाणी पोखरण रोडचा चढ लागतो.

एवढं हळू धावलं की लाज वाटते गं. कानटोपी घातलेले आजोबा चालत चालत मला मागे टाकतात. एकदा एकांनी मागे वळून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "बरं वाटत नाही का?" अशा वेळी पाय आपोआप जोरात पडायला लागतात आणि ते आवरणं हेच मला सगळ्यांत कठीण जातं. जोरात धावायचे दिवसही आहेत. मंगळवारी येऊरची चढण, बुधवारी टेम्पो, म्हणजे बराच वेळ सलग एकाच जोरकस वेगाने धावणं (तो खरं तर गुरुवारी होता, उपासामुळे सरकवला). त्या दिवशी घाम निघतो, दम लागतो, आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं. हळू धावण्यात ते समाधानसुद्धा नाही.

मी सरांना विचारलंच, हे कशासाठी? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवलेली असते ती साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. चरबी मात्र आपल्या दोघींकडे भरपूर आहे. साखर म्हणजे पर्समधले सुटे पैसे आणि चरबी म्हणजे मुदत ठेव. जोरात धावलीस की शरीर पटापट सुटे पैसे खर्च करतं. हळू धावून धावून त्याला ठेव मोडायची सवय लागते, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. ही सवय नसली की तिसाव्या किलोमीटरनंतर पाय एकदम लाकडाचे होतात. धावणारे त्याला भिंत म्हणतात. मुंबईत ती भिंत कुठे येते सांगू? परतीच्या वाटेवर पेडर रोडची चढण लागते, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. कुणीतरी मुद्दाम आखल्यासारखी.

नवरात्राच्या सुमारास मात्र पाढा एकोणीस त्रिकच्या पुढे जाईना. वेग आहे तोच, झोप आहे तेवढीच, पण छाती धडधडायची आणि जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे. सासूबाईंनी निदान केलं, नजर लागली. नवऱ्याने केलं, वय झालं. मी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन दहाच्या जेमतेम वर. बायकांचं निदान बारा असावं म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी सुरू असलेल्या बाईने एवढं धावायचं तर लोहाकडे लक्ष हवंच. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं की गोळीच्या किंवा जेवणाच्या मागेपुढे तासभर तरी चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. सुमे, चाळिशी ओलांडल्यावर मला कुणी जेवणानंतरचा चहा सोडायला लावेल असं वाटलं नव्हतं. बेचाळीस किलोमीटर मी हसत कबूल केले, चहाला मात्र रडले. अहळीव, नाचणी, लिंबू पिळलेली पालेभाजी असं सगळं सुरू झालं. त्या आठवड्यांत सरांनी माझं धावणं निम्म्यावर आणलं, आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांचे लाँग रनचे फोटो मोबाईलवर बघत मी घरी मेथी निवडत बसायचे. तो काळ वाईट गेला. दिवाळी येईपर्यंत पाढा पुन्हा पूर्ण व्हायला लागला.

ऑक्टोबरबद्दल तुम्हा साताऱ्याच्या लोकांना सांगण्यात अर्थ नाही. इथे घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही, आणि तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके कितीतरी वाढतात. त्यात घोडबंदर रोडची धूळ. त्याआधीच्या पावसाचं वेगळंच: बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवायचे, घरी आल्या आल्या पाय साबणाने धुवायचे, आणि कुठल्या डबक्याखाली खड्डा आहे ते पाठ ठेवायचं. कपडा घासून काखेत आणि छातीखाली सालटी निघायची. महागडी क्रीम लावून झाली. शेवटी सासूबाईंनी रत्नागिरीहून आणलेलं आमसुलाचं तेल दिलं आणि काम झालं. सबंध ग्रुपमध्ये आता ते तेल वाटलं जातं, आणि नजर काढणाऱ्या माझ्या सासूबाई तिथे सरांच्या खालोखाल मानाच्या आहेत.

आणि हो, तो रिक्षावाला. ऑक्टोबरच्या शेवटचा एक रविवार. लाँग रन होता, पण पोटात कळ आली आणि कासारवडवलीच्या पुढे मी थांबलेच. चालून पाहिलं, बसून पाहिलं, जमेना. नखशिखांत घामाने भिजलेली बाई कुणी रिक्षात घेईना. शेवटी एक थांबला. सीटवर आधी पेपर पसरला, मग मला बसवलं. वाटेत विचारतो, "ताई, याचे पैसे मिळतात का?" म्हटलं, "नाही हो, आपणच भरायचे." जरा वेळ गप्प राहिला. मग हसायला लागला तो माजिवड्यापर्यंत हसत होता. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यालाही सांगितलं. मला तेव्हा इतका राग आला होता की उतरताना सुटे परत घेतले नाहीत आणि घरी येऊन रडले. आता तोच प्रसंग मी ग्रुपमध्ये नक्कल करून सांगते.

खाण्याचं म्हणशील तर लांब धावताना तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणून लोक जेलच्या पुड्या चोखतात. मला ती चव म्हणजे औषधाच्या बाटलीत गुलकंद घातल्यासारखी लागते. मी खजूर, चिक्की आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा यांवर आले आहे. पाण्यात लिंबू, साखर, मीठ. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खायचं नाही असा नियम आहे, म्हणून हे सगळं आत्ताच पोटाला विचारून घ्यायचं. दिवाळीच्या फराळाने दिलेला कौल: चकली नको, रव्याचा लाडू चालेल.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा जिन्यात गाठून सांगितलं की बायकांनी एवढं धावू नये, पिशवी खाली येते. मी भांडले नाही. पण घरी आल्यावर शोधलं तर ऑलिम्पिकवाल्यांची मतंही बरीच वर्षं काकूंसारखीच होती. बायकांची मॅरेथॉन तिथे थेट 1984 मध्ये, लॉस एंजेलिसला आली. तेव्हा तू आणि मी बालवाडीत डबा सांडत होतो! आणि तुमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर बघ. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आली, आणि मग 2016 ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. काकूंना पुढच्या वेळी तिचा फोटो दाखवणार आहे.

चांगले दिवस सांगायचे राहिलेच. ते आले की कळतही नाही, त्यामुळे सांगायला कमी असतात. मागच्या रविवारी मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर गेलो होतो. थंडी नुकती पडायला लागलीये, म्हणजे ठाण्यात पडते तेवढीच. पुलावर वारा होता. खाली खाडीत ओहोटी, चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा. शेजारी आमच्यातली एक शाळाशिक्षिका धावत होती, ती तिच्या वर्गातल्या एका कार्ट्याची गोष्ट सांगत होती, आणि गोष्ट संपली तेव्हा घड्याळात बघितलं तर चोवीस किलोमीटर झाले होते. एकदाही धाप नाही. पुढचे चार मी मुद्दाम एकटी धावले. पाढे म्हटलेच नाहीत, गरजच वाटली नाही. घरी आले, आंघोळ केली, सगळ्यांसाठी पोहे केले आणि दुपारी तीनपर्यंत मेल्यासारखी झोपले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, पण ते म्हणे फुल मॅरेथॉनवाल्यांचं कुंकू.

सध्या डाव्या नडगीत थोडं दुखतंय. बर्फ लावते, पोटऱ्यांचे व्यायाम करते, आणि दुखणं हाडावर एका जागी टोचायला लागलं तर धावायचं नाही असं डॉक्टरीणबाईंकडून ऐकून ठेवलंय. अजून तसं नाही. डिसेंबरात एकदा बत्तीस किलोमीटर होतील, आणि मग शेवटचे तीन आठवडे धावणं कमी कमी करत जायचं, त्याला टेपर म्हणतात. सगळे सांगतात की त्या दिवसांत माणूस चिडचिडा होतो, नसलेली दुखणी जाणवतात. नेमक्या त्याच आठवड्यात संक्रांतीची हळदीकुंकवं. पाच घरी उभं राहून वाण घ्यायचं आणि पायांना विश्रांतीही द्यायची हे कसं जमवायचं ते सरांनाही माहीत नाही.

आता कामाचं. तू शनिवारीच ठाण्याला ये. रविवारी मी पहाटेच्या जादा लोकलने सीएसएमटीला निघून जाईन, तुला उठायची गरज नाही. तू सावकाश माझ्या नवऱ्याबरोबर नीघ. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि तिथून चालत पेडर रोडला यायचं, रस्ते बंद असतात. साडेनऊ ते दहाच्या दरम्यान मी तिथे असेन असा अंदाज आहे. टाळ्या वगैरे नकोत, पण हातात उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी ठेव, सालं काढून, लहान लहान. आणि मी चालत असले तरी "अगं धाव" म्हणू नकोस. एकोणीसचा पाढा सुरू कर. सत्तेला अडकलीस तर मी पुढचं सांगेन.

कंदी पेढे आण, पण डबा शर्यत संपेपर्यंत उघडायचा नाही. आणि चपला घालून येऊ नकोस, ग्रँट रोडहून चढ आहे.

तुझीच,
मंजी